बाजाररस्त्यातला यतिभंग

४ एप्रिल, मंगळवार

आज गाडी पुन्हा बाजाररस्त्यात बंद पडली. तिसरी वेळ. घड्याळाच्या चौकापासून पुलापर्यंतचा तो तुकडा असा आहे की तिथे पायी चालणारी माणसं पुढे जातात आणि वाहनं उभी राहतात. दुपारचे पावणेबारा. पुढे भाजीचा टेम्पो, मागे बस, डोक्यावर सूर्य. गाडी आधी एक ठोका चुकली, मग दोन, मग अडखळत अडखळत पुलाच्या तोंडाशी येऊन गपगार झाली. मी किक मारत राहिलो. मागच्या बसचा ड्रायव्हर बहुधा हॉर्नवर डोकं ठेवून झोपला असावा.

बायको उतरून फूटपाथवर सावलीला उभी राहिली. "माझी सवत रुसली वाटतं," म्हणाली. गाडी घेतली त्याला एकतीस वर्षं झाली, तेव्हापासून ती तिला सवतच म्हणते.

दहा मिनिटांनी एका किकमध्ये सुरू. जणू काही झालंच नव्हतं.

व्यायामाच्या बाईंकडे उशीर झाला. डिसेंबरात बायको न्हाणीघरात घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण बोटं मिटत नाहीत. मूठ अर्ध्यावर येते आणि थांबते. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला हात! म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार मी तिला पुलापलीकडे घेऊन जातो. मागे बसल्यावर ती डाव्या मुठीत माझा शर्ट धरते. घरी आल्यावर शर्टाची डावी बाजू वासराने चघळल्यासारखी दिसते.

संध्याकाळी लेक आली. बसचा किस्सा आईने तिला आधीच फोनवर रंगवून सांगितला होता.

"बाबा, आणखी एकदा, फक्त एकदा, आईला घेऊन गाडी रस्त्यात बंद पडली की गाडी विकायची. शब्द द्या."

"आणि आई व्यायामाला कशी जाणार?"

"टॅक्सीने."

"मी नाही जायची," स्वयंपाकघरातून आवाज आला. "रोज कोण परका माणूस आरशातून बघणार. सवतीबरोबर जाईन, नाहीतर घरी बसेन."

बोलली म्हणजे करणारच. तिला मी ओळखतो. गाडी गेली तर व्यायाम गेला, आणि व्यायाम गेला तर ती मूठ तशीच अर्धी राहील. तरी मी शब्द दिला. शब्द वापरण्यात मी पहिल्यापासून उधळा.

५ एप्रिल, बुधवार

सकाळी कानवाल्याकडे गेलो. पुलाअलीकडच्या बोळात त्याचं गॅरेज आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटतो, म्हणून सगळे त्याला कानवाला म्हणतात. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल.

बोळाच्या तोंडाशी झाडाखाली थांबून टाकीचं कव्हर काढलं, घडी करून पिशवीत ठेवलं. तिथे सगळ्यांचे हात ग्रीसचे. उगाच डाग नकोत.

या कव्हराचं लिहायचं राहून गेलं आहे. मार्चच्या सुरुवातीला व्यायामाच्या बाई तिला म्हणाल्या, घरी काहीतरी शिवा, काहीही, पण उजव्या हाताने. उन्हात टाकी तापते, मांड्या भाजतात, अशी माझी तक्रार होतीच. मग तिने जुना पडदा आणि लेकीच्या लहानपणच्या फ्रॉकचे तुकडे जोडून चांगलं जाड कव्हर शिवलं. आतून अस्तर, बांधायला नाड्या, खाली झालर. झालरीचा काठ दुमडायला हात वळेना, म्हणून ती वळलीच नाही, लांब होत गेली. दोन्ही बाजूंनी पार इंजिनाच्या खांद्यापर्यंत लोंबते. टाके असे, की जणू मुंग्या पाऊस चुकवत धावल्यात. पण मांड्या मात्र भाजत नाहीत.

गाडीचं दुखणंही मार्चातलंच. ऊन चढू लागलं की वयस्कर माणसांचं आणि यंत्रांचं असं व्हायचंच.

"काका, खोकते की गुदमरते?" कानवाल्याने विचारलं.

"यति चुकतो," मी म्हणालो.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कुठला पार्ट हा?"

मग समजावलं. कवितेच्या ओळीत श्वास घ्यायला ठरलेली जागा असते, ती यति. थांबा तिथे न पडता शब्दाच्या पोटात पडला, की तो यतिभंग. आमचे कवितेचे मास्तर डस्टरने टेबलावर ठोके देत ओळ म्हणायला लावत. लघु अक्षराला ल, गुरु अक्षराला गा. कुणी चुकलं की डस्टर हवेतच थांबे. सगळा वर्ग श्वास धरून बसे, आणि खडूची भुकटी उन्हाच्या तिरिपेत तरंगत राही. पुढे नकाशे काढण्याच्या नोकरीत जन्म गेला, पण कान त्या वर्गातच बसून राहिला. जिना चढलो तरी गा गा गा मोजतो.

"बरं," कानवाला म्हणाला. "प्लग साफ करून देतो."

६ एप्रिल, गुरुवार

बंद पडली नाही, पण चुकली. चौकातून निघाल्यावर गा गा गा गा. पहिल्या सिग्नलला सुरळीत. दुसऱ्या सिग्नलनंतर गा गा गा, रिकामी जागा, गा. हँडल पिळत कसाबसा पूल गाठला. पुलावर वारा लागला, झालर फडफडली, आणि गाडी पुन्हा शहाणी.

"पाठ का घामाने भिजलीय?" बायकोने विचारलं.

"ऊन," मी म्हणालो.

१० एप्रिल, सोमवार

शनिवारीही तेच. आज कानवाल्याने कार्बोरेटर उघडला, धुतला. पेट्रोलची नळी बदलली. प्लगचं टोक दाखवलं, छान चॉकलेटी. "जळण ठीक आहे. आता मला एक सांगा काका, तुमचा तो यति चुकायच्या आधी आवाज पातळ होत जातो का?"

"म्हणजे?"

"पेट्रोल कमी पडलं तर इंजिन हळूहळू गुदमरतं. ठिणगी चुकली तर आवाज भरलेला असतो, मधला एक ठोकाच नाहीसा होतो."

अहो, मला हेच तर कधीपासून सांगायचं होतं! ओळ विलंबित होत नाही, लय तीच राहते, फक्त अक्षर गळतं. मी वही उघडून गुरुवारची आणि शनिवारची नोंद दाखवली. त्याने बोट ठेवून वाचली, "गा गा गा... गा," आणि माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

"मग पेट्रोल नाही, वीज. बहुतेक कॉइल. टाकीखाली, पोटाशी असते ती. प्लगच्या ठिणगीला जोर देते. जुन्या कॉइला तापल्या की दम सोडतात, गार झाल्या की पुन्हा गुणी. पण ही सगळी आयडिया. मला तापलेली दिसायला हवी. भर दुपारी, गरम असताना आणा."

घरी येताना मी जवळजवळ गात होतो. वहीतल्या लघुगुरूंचा उपयोग जगात प्रथमच कुणाला तरी झाला.

१२ एप्रिल, बुधवार

आज भर बाराला निघालो, मुद्दाम बाजाररस्त्याने. दुसऱ्या सिग्नलनंतर चुकू लागली. मी खूश! तसाच बोळाशी आलो. झाडाखाली कव्हर काढलं. नाडीची गाठ बसली होती. घडीही तिच्यासारखी जमेना, दोनदा उलगडली. मग गॅरेजमध्ये.

गाडी घड्याळासारखी चालली.

कानवाल्याने ती उन्हात लावून अर्धा तास सुरू ठेवली. कॉइलला हात लावून पाहिलं. ठिणगी पाहिली, निळी, कडक. "काका, ही माझ्यासमोर असं वागते जसं सासूसमोर नवी सून."

मग तो स्वतः बसला आणि बाजाररस्त्याने दोन फेऱ्या मारून आला. मी स्टुलावर बसून होतो, मांडीवर पिशवी घेऊन. परत आला तेव्हा चेहरा पडलेला.

"एकही ठोका चुकला नाही. काका, राग मानू नका. पण एकदा कान दाखवून घ्या."

१३ एप्रिल, गुरुवार

आज व्यायामाला गेलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. खोटं.

कालपासून तेच डोक्यात. मला ऐकू येतं ते गाडीत नसेलच तर? मास्तर म्हणाले होते, "तुला कान आहे." मला आयुष्यात मिळालेलं एवढंच प्रमाणपत्र, तेही तोंडी. पत्र्याच्या त्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून मी ते ऐकलं आणि जपून ठेवलं. आता तोच कान नसलेले यतिभंग ऐकत असेल, तर बायकोला मागे बसवून बसच्या पुढे गाडी हाकणारा हा म्हातारा कोण?

दुपारी ती खिडकीपाशी रबरी चेंडू दाबत होती. चेंडू जेमतेम खळी पडल्यासारखा होतो. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोट दुखतंय म्हणता आणि दोन वेळा जेवलात."

"तुला गाडी चुकताना ऐकू येते का गं?"

"ऐकू कशाला यायला हवं? बसते मी तिच्यावर. माकडहाडाला कळतं."

केवढा आधार वाटला. लिहायला जरा ओशाळवाणं आहे, पण वाटला.

१८ एप्रिल, मंगळवार

बंद पडली. पुलाच्या तोंडाशी, त्याच जागी. मागे ती होती.

ढकलत कडेला घेतली. किक मारून मारून पोटरी भरून आली. ती उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "थांबा इथेच. कानवाल्याला मीच घेऊन येते. आता बघू दे त्याला सासूसमोरची सून."

ती बोळात वळली, आणि मी कव्हर काढायला धावलो. नाडीची गाठ सुटेना. दात लावले. भर रस्त्यात गाडीच्या टाकीला दातांनी ओढणारा म्हातारा पाहून एक माणूस सायकल थांबवून उभा राहिला. तेवढ्यात दोघं आली.

"हे काय?" कानवाला म्हणाला.

"टाकीचं कव्हर."

"हे मी कधी पाहिलं नाही."

"रोजच असतं," बायको म्हणाली. "मार्चपासून."

त्याने झालर उचलून आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. पुन्हा घातला. मग झालर सोडली, उचलली, पुन्हा सोडली. रस्त्याकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मलाही त्या क्षणी कळलं. वेगात वारा झालर उडवतो. रांगेत ती पडद्यासारखी उभी राहते, आणि इंजिनाची सगळी धग आत कॉइलपाशी कोंडते. आणि दर वेळी झाडाखाली थांबून मी दुखणंच घडी करून पिशवीत घालत होतो.

तो तोंड उघडणार होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं फक्त एकदा, परीक्षेत शेजारच्याकडे पाहिलं असेन.

"कॉइल, काकू," तो सावकाश म्हणाला. "म्हातारी झालीय."

"कोण?"

"कॉइल, कॉइल."

बायको झालरीकडे बघत होती.

२० एप्रिल, गुरुवार

काल कॉइल बदलली. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो तेव्हा कानवाला म्हणाला, "जुनी थकलेली होतीच, ते खोटं नाही. पण या उन्हात तेवढी झालर लावून त्या रांगेत गेलात, तर नवीचीही मी खात्री देत नाही. काकूंना सांगा, चार बोटं वर घ्या म्हणावं. शिवतात ना त्या?"

शिवतात ना त्या. कसं सांगू? मोडलेल्या हाताने तिने पहिली केलेली वस्तू. आणि ती वस्तूच गाडीचा गळा दाबत होती?

शब्द दिलेला, म्हणून लेकीला मंगळवारचं सांगितलं. तिने विचारलं,

"कॉइल खरंच बदलली?"

"खरंच."

"येत्या मंगळवारी मी स्कूटरवर तुमच्या मागे येते. बाजाररस्ता न थांबता पार झाला तर पुन्हा बोलणार नाही. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

झालरीचं कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून आजही घरीच. दोन गुरुवार बुडाले.

२२ एप्रिल, शनिवार

मी ठरवलं होतं की कव्हर धुवायला टाकलं असं म्हणायचं आणि ते महिनाभर वाळू द्यायचं. म्हणून ते बादलीत भिजवायला काढलं, तर ती दारात उभी.

"स्वच्छ आहे ते."

"ग्रीस लागलंय."

"कुठे लागेल? गॅरेजात तर ते पिशवीत असतं."

मी बादली पायाने मागे सरकवली.

"माझी घडी आणि तुमची घडी मला कळत नाही होय? चाळीस वर्षं लोकांचे कपडे घडी करून दिलेत मी. बुधवारी जाता आणि कव्हर चारचौघांत मार खाल्ल्यासारखं होऊन येतं. बोटं मिटत नाहीत माझी, डोळे नाही मिटून घेतलेले."

मग मी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. ग्रीसचं कारण मी स्वतःलाच सांगत होतो. खरं म्हणजे गॅरेजातले लोक ते टाके पाहून हसतील, याची भीती होती. जिच्या हातून चाळीस वर्षांत एक टाका वाकडा गेला नाही, तिला कुणी हसलेलं मला चाललं नसतं. असं म्हणालो. मग म्हणालो, "आणि थोडी लाजही वाटत होती."

"लाज कसली? मी स्वतः किती हसले होते. सरळ शिवता येईल तेव्हा शिवू म्हणून बसले असते, तर मशीनला गंज चढला असता." मग जरा थांबून, "झालर चार बोटं लांब आहे. मंगळवारी त्याने हात घातला तेव्हाच कळलं मला. म्हटलं, बघू हे कधी तोंड उघडतात. चार दिवस लागले. आणा खडू."

खडूने रेघ मी आखली. नकाशेवाल्याची रेघ, केसाचाही फरक नाही. कात्री तिला धरवत नाही म्हणून कापायलाही मीच बसलो. वीतभर कापून झालं आणि ती ओरडली.

"अहो! जन्मभर सरळ रेघा मारल्यात आणि कापताना नदी काढताय? द्या इकडे!"

कात्री ओढून घेतली आणि उरलेली सगळी झालर तिनेच कापली. कचकच, कचकच. गा गा, गा गा, एकही यति चुकला नाही. ऐकत बसलो. मास्तरांच्या डस्टरनंतर इतका नेमका ठेका मी ऐकला नव्हता. मग तिने काठ दुमडून मशीनवर टीप मारली. मी चहा केला. तिच्या कपाळावर घाम होता. उकडत असेल.

२५ एप्रिल, मंगळवार

आज ऊन असं, की घड्याळाच्या चौकातली कबुतरंसुद्धा खांबाच्या सावलीत एका रांगेत. कव्हर बांधलं, नाड्या तिनेच बांधल्या. लेक स्कूटरवर मागे.

पहिला सिग्नल. गा गा गा गा. रांग सरकेना. भाजीचा टेम्पो पुन्हा पुढे, नशीबच ते. दुसरा सिग्नल. माझा सगळा जीव कानात. इथेच चुकायची. टेम्पोचा धूर, कुणाचा तरी रेडिओ, आणि खाली गा गा गा गा गा. मोजत राहिलो. पंचवीस, पन्नास. चुकेल, आता चुकेल.

"मोजणं बंद करा," मागून आवाज आला. "तुम्ही मोजता तेव्हा पाठ ताठ होते, मला धरता येत नाही."

मोजणं बंद केलं. फार कठीण गेलं. पुलाच्या तोंडाशी बोळातून कानवाला बाहेर येऊन उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर. हात हलवला नाही, फक्त डोळे मिटले आणि मान एकीकडे कलती केली. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. मग पूल, वारा, खाली नदीचं पाणी. झालर आता फडफडत नाही, चापून बसते.

पुलापलीकडे लेक शेजारी आली, हेल्मेटची काच वर केली. "ठीक आहे," एवढंच म्हणाली, आणि थोडं पुढे जाऊन वळली. तिला कामावर जायचं होतं. डोळे पुसत होती असं वाटलं, पण धूर खूप होता.

व्यायामाच्या बाईंकडून दोन गुरुवार आणि एक शनिवार बुडाल्याबद्दल बोलणी खावी लागणार होती. ती त्यांनी मनापासून दिली.

आता घरी येऊन लिहितोय. आंघोळीला जाताना शर्ट काढला. डावी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट आहे. उजव्या बाजूला खिशाखाली मोठा चुरगळा, पाच बोटांचा. बोटं मोजता येतात.

हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. शनिवारची कात्री कुठल्या हातात होती, ते आता कुठे डोळ्यांपुढे आलं.

ती बाहेरून विचारतेय, "शर्ट द्या, धुवायला टाकते."

मी म्हणालो, राहू दे, स्वच्छ आहे. खुंटीला लावला आहे, तसाच.